चाक काढण्याआधी

घरच्या घरी गाडीच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, आणि तिला दाबणारे पॅड बदलायचे असतील तर सगळ्यात आधी जागा बघा. साताऱ्यात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या जुन्या गावात सपाट अंगण मिळणं म्हणजे नशीबच. आमच्या दारातला उतार डोळ्यांना दिसत नाही, पण पोरांची गोटी खाली ठेवली की आपोआप गटारापर्यंत जाते. अशा जागी जॅक लावायचा नाही. डांबरही नको, उन्हात ते मऊ पडतं आणि घोडीचे, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडचे, पाय हळूहळू आत रुततात. घट्ट काँक्रीटची जमीन हवी. मी गोडोलीतल्या एका मित्राचं पार्किंग मागून घेतो आणि त्याच्या घरच्यांना आधीच सांगतो की गाडी संध्याकाळपर्यंत हलणार नाही.

मग बघा की खरंच काय बदलायचंय. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना डिस्क पुढेच असते, मागे ड्रम. त्यामुळे इथे जे सांगतोय ते पुढच्या दोन चाकांचं. पॅडचं घासणारं अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर वेळ झाली असं धरा. बघताना आतल्या बाजूचं पॅड विसरू नका. पॅड धरणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती जाम झाली असेल तर बाहेरचं पॅड ठणठणीत आणि आतलं पत्र्यापर्यंत गेलेलं, असं हमखास सापडतं. डिस्कची किमान जाडी तिच्याच कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. मोजायला व्हर्नियर चालतो, पण जुन्या डिस्कच्या कडेला न घासलेला काठ उभा राहतो आणि व्हर्नियर त्या काठाचीच जाडी दाखवतो. त्याला उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी काठाच्या आत एकेक रुपयाचं नाणं धरायचं, मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. आणि बदलायचं तर डावं-उजवं जोडीनंच. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली की ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

सुटे भाग घेताना गाडीचं नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे, इंजिनाप्रमाणे डिस्कचा व्यास बदलतो. आरसी बुकावरचा चेसिस नंबर दुकानदाराला द्या आणि खोकं काउंटरवरच उघडा. पॅडचा आकार, डिस्कचा व्यास, बोल्टची भोकं चार की पाच, सगळं तिथेच बघून घ्या. मी एकदा खोकं न उघडता घरी आणलं. चाक काढलं, कॅलिपर खोलला आणि रविवारी दुपारी दोन वाजता कळलं की पॅड दुसऱ्याच मॉडेलचे आहेत, कान अर्धा सेंटिमीटर बाहेर. गाडी दोन दिवस घोडीवर आणि वाईच्या लग्नाला आम्ही सहकुटुंब एसटीनं. दुकानदाराला बोल लावायला गेलो असतो, पण खोक्यावर नंबर छापलेला होता, तो मीच वाचला नव्हता.

आता हत्यारं. गाडीबरोबर आलेला जॅक रस्त्यावर स्टेपनी बदलण्यापुरता, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. गाडीच्या वजनाला पुरेल अशी घोड्यांची जोडी हवी. विटा किंवा सिमेंटचा ब्लॉक घोडी म्हणून कधीच लावू नका. ब्लॉक आधी तडकत नाही, एकदम फुटतो. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला. बरेच जण गिअर टाकून निर्धास्त होतात. पण गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल आणि त्यातलं एक चाक वर उचललेलं असेल, तर गिअरचा काही उपयोग नाही. उचललेलं चाक नुसतं फिरतं आणि गाडी सरकू शकते. गाडीला खरं धरून ठेवतात ते हँडब्रेक आणि ठोकळेच.

गोट्यांच्या, म्हणजे सॉकेटच्या, सेटमध्ये साधारण १२, १४ आणि १७ लागतात, चाकाच्या नटांना १७, १९ किंवा २१. आदल्या दिवशीच एकेक लावून बघा. शक्य असेल तर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, मागून आणा आणि आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून कागदावर उतरवून ठेवा. पोवई नाक्यावरचा जुना मेकॅनिक हाताच्या अंदाजानं आवळतो आणि ते बरोबर असतं. आपला हात तेवढा मुरलेला नाही. कॅलिपरमधला, पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलायला सी-क्लॅम्प, डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज घासायला वायर ब्रश, कॅलिपर टांगायला जाड तार. तार विसरू नका. कॅलिपर रबरी पाइपावर लोंबकळत ठेवला तर पाइप आतून चिरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आमच्याकडच्या पावसाळ्यानं एक काम वाढवलंय, ते म्हणजे गंज. कासच्या बाजूला चार महिने गाडी भिजली की डिस्क हबला चिकटून बसते. बोल्टांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. काही गाड्यांत डिस्कवर एक-दोन छोटे स्क्रू असतात, ते साध्या स्क्रू ड्रायव्हरनं गेले तर गेले, नाहीतर डोकं गोल होतं. तिथे हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर लागतो. डिस्कवर आटे पाडलेली दोन रिकामी भोकं दिसली तर खूश व्हा. त्यांत मापाचे बोल्ट आळीपाळीनं आवळले की डिस्क स्वतःच बाहेर येते. काही गाड्यांत मात्र डिस्क हबच्या मागे असते आणि बेअरिंगपर्यंत काम जातं. तुमची तशी असेल तर हा बेत इथेच सोडा.

छोट्या वस्तूंची पिशवी वेगळी भरा. ब्रेक क्लीनर, कारण नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो आणि तो पुसल्याशिवाय पॅड लावायचे नाहीत. पिनांसाठी ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, कारण साध्या ग्रीसनं पिनांवरची रबरी टोपणं फुगतात. जुन्या बनियनच्या चिंध्या, हातमोजे, मास्क. ब्रेकची धूळ हवेनं उडवायची नाही, फुंकायचीही नाही. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या चिंधीनं पुसा. आणि मेडिकलमधून एक मोठी सिरिंज, कारण पिस्टन मागे गेला की बॉनेटखालच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून आधीच थोडं काढून घ्यायचं.

ब्रेक ऑइलबद्दल आणखी थोडं सांगतो, कारण आपण घाटात राहतो. कासपासून सातारा सुमारे २५ किलोमीटर आणि उतार ४०० मीटरहून जास्त. एक टनाची गाडी ४०० मीटर खाली आणायची म्हणजे साधारण एक युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायला हवी. थोडी इंजिन घेतं, थोडी हवा, उरलेली उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. फुलांच्या दिवसांत यवतेश्वरच्या उतारावर रांगेत सरकताना तर पाय ब्रेकवरच असतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रकारचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही हमी १५५ पर्यंत उतरते. उकळलं की वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर नवी डिस्क लावून अर्धंच काम झालं. फक्त ते काम मी घरी करत नाही. ब्रेकच्या पाइपाचा बोल्ट उघडायचा नाही, ही माझी लक्ष्मणरेषा. हवा काढायचं काम गॅरेजचं.

गॅरेजवाल्याला एक फोन आधीच करून ठेवा. पिस्टनचा रबर फाटलेला निघाला, ऑइल पाझरताना दिसलं, पिस्टन क्लॅम्पनंही मागे जाईना, तर पुढे रेटायचं नाही आणि ती गाडी चालवायचीही नाही. तो येऊन बघू शकेल का, हे आदल्या दिवशी विचारलेलं बरं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी नमुना म्हणून शाबूत राहते, क्लिप कुठली कुठे ते तिच्याकडे बघून कळतं. फोटोही काढा, पण तेलकट हातानं मोबाइल उघडत नाही, हा अनुभव आहे.

स्टेअरिंगला एक चिठ्ठी आधीच चिकटवून ठेवा: ‘पेडल मार’. पिस्टन मागे ढकलल्यानंतर पहिल्या दोन-चार दाबांत ब्रेक लागतच नाही, पेडल सरळ तळाला जातं. ते घट्ट होईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही आणि बाटलीतलं ऑइल पुन्हा बघायचं. मग एमआयडीसीतले रविवार सकाळचे मोकळे रस्ते. साधारण ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबानं आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून पुन्हा तेच, असं आठ-दहा वेळा. पॅड-डिस्कची एकमेकांना सवय होते. थोडा वास येईल, घाबरू नका. पहिला आठवडा यवतेश्वर आणि पसरणी घाट टाळा.

मागून आणलेला टॉर्क रेंच मात्र परत करायची घाई नको. एकदा वाईला जाऊन या, दोन्ही बाजू मिळून सत्तरेक किलोमीटर होतात, आणि आल्यावर गाडी थंड झाली की नट पुन्हा एकदा समोरासमोर आवळा.