क्रूझवरून बर्गनला उतरल्यावर दिवस कसा घालवावा

नॉर्वेच्या क्रूझवर निघालेल्या आपल्या माणसांचा मला हमखास येणारा प्रश्न असा: "जहाज बर्गनला सकाळी आठला लागतं, संध्याकाळी पाचला सुटतं. तेवढ्यात काय काय बघून होईल?" माझं उत्तर दरवेळी तेच असतं. तीनच गोष्टी बघा. एक डोंगर, एक जुना धक्का आणि तिसरी तुमच्या आवडीची. चौथी घुसवायला गेलात, तर पहिल्या तिन्ही नुसत्या फोटोपुरत्या उरतात. मी आई-बाबांना घेऊन गेले होते, बाबांचे गुडघे दुखरे, त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं सत्तरीतल्या माणसांच्या चालीने करून पाहिलेलं आहे.

हातात खरे तास किती, ते आधी मोजा

आठ ते पाच म्हणजे नऊ तास, हा कागदावरचा हिशेब. जहाज धक्क्याला लागल्यावर उतरायची परवानगी मिळेपर्यंत अर्धा तास जातो. परतताना सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी जहाजावर हजर राहावं लागतं. आणखी अर्धा-पाऊण तास आपण आपल्या पदरचा राखून ठेवायचा. म्हणजे उरतात सात-साडेसात तास. परतायची नेमकी वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात छापलेली असते. त्याच पत्रकात बंदरावरच्या एजंटाचा फोन नंबर असतो. दोन्हींचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा आणि घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवून घ्या. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. बर्गनपुरतं बोलायचं तर या भीतीपोटी सहल विकत घ्यायची मुळीच गरज नाही, कारण बघण्यासारखं बहुतेक सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात आहे.

जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, हेही आधीच विचारा. स्कोल्टेनला लागलं तर तुम्ही बर्गनहूस किल्ल्याच्या पायथ्याशीच उतरता, तिथून जुनं शहर दहा मिनिटांच्या चालीवर. येक्तेविकेनच्या बाजूला लागलं तर तो मालवाहतुकीचा भाग असल्याने तिथून चालत बाहेर पडू देत नाहीत, बसने सोडतात. त्या बसची रांग जाता-येता दोन्ही वेळा हिशेबात धरा.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. जहाज इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनहून पकडणार असाल, तर ब्रिटनचा व्हिसा त्याशिवाय वेगळा.

पावसाची तयारी मुंबईच्या हिशेबाने करू नका

बर्गनला वर्षभरात साधारण मुंबईइतकाच पाऊस पडतो, सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास. फरक असा की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस थोडाथोडा पडत राहतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस पाऊस झाला होता. बाजूचे सात डोंगर समुद्रावरून येणारी ओली हवा अडवतात, म्हणून हे घडतं. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे.

छत्री नेऊ नका, वाऱ्याने ती उलटी होते. टोपी असलेला रेनकोट, न घसरणारे बूट आणि आत एक स्वेटर, एवढं पुरे. भर जुलैमध्येही पारा पंधरा-सोळाच्या आसपास असतो आणि डोंगरावर त्याहून खाली. आणि सकाळी खिडकीतून ढग दिसले म्हणून उतरायचा बेत रद्द करू नका. तिथला पाऊस तासाभरात तीनदा येतो आणि तीनदा जातो. मधल्या उघडिपीत ओली लाल कौलं चमकायला लागतात, ते बघण्यासाठी भिजलेलं चालतं.

उतरल्या उतरल्या आधी डोंगर

डोंगर म्हणजे फ्लोयेन. मासळी बाजारापासून दीडशे मीटरवर फ्लोयबानेन या रुळांवरच्या गाडीचं खालचं स्थानक आहे. १९१८ पासून ही गाडी चालते आहे. सहा-सात मिनिटांत ती तुम्हाला समुद्रसपाटीपासून ३२० मीटर उंचीवर नेऊन सोडते. बंदरात दोन-तीन जहाजं असली की दहानंतर इथली रांग रस्त्यावर येते. म्हणून तिकीट आदल्या रात्रीच मोबाईलवर काढा आणि धक्क्यावरून थेट इकडे चालत या, वाटेतल्या दुकानांत शिरू नका. उतरायला उशीर झालाच, तर क्रम उलटा करा: आधी धक्का, आणि डोंगर दुपारी तीननंतर, सहलीच्या बसगाड्या परतू लागल्यावर. पण मग एक डोळा घड्याळावर हवा.

वर पोचल्यावर सगळे कठड्याशी उभे राहून फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने खाली येतात. तसं करू नका. स्थानकाच्या मागून जंगलात वाट जाते. त्या वाटेने दहा मिनिटं चाललात की स्कोमाकरदिकेत नावाचं छोटं तळं लागतं. भोवती सूचिपर्णी झाडं, दगडांवर हिरवंगार शेवाळं, आणि माणसांचा आवाज नाही. आई तिथल्या बाकावर बसली ती वीस मिनिटं उठायलाच तयार नव्हती. "इथं बसले तेवढंच मला पुरे," म्हणाली. त्या दिवसातली माझी सर्वांत आवडती वीस मिनिटं तीच.

गुडघे धड असतील तर जाताना एकेरी तिकीट काढा आणि उतरताना चालत या. पाऊण तासाची वळणावळणाची चांगली वाट आहे आणि ती तुम्हाला पांढऱ्या लाकडी घरांच्या गल्ल्यांत आणून सोडते. या बोळांना तिथे 'स्माउ' म्हणतात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने बाजूला सरकावं लागतं, इतके ते अरुंद. लोक तिथे राहतात, तेव्हा खिडक्यांतून आत डोकावू नका आणि मोठ्याने बोलू नका. बाबांसाठी आम्ही परतीचं तिकीट काढलं होतं. ते आणि आई गाडीने उतरले, मी चालत, आणि बाजारापाशी भेटलो. भेटीची जागा आणि वेळ ठरवून असं वेगळं व्हायला हरकत नाही.

मग धक्का, सावकाश

ब्रिग्गेन या नावाचा अर्थच 'धक्का'. आपल्या भाऊच्या धक्क्यातला धक्का. पाण्याकडे तोंड करून उभी असलेली ती लाल, पिवळी, तपकिरी त्रिकोणी कपाळांची लाकडी घरं तुम्ही चित्रांत पाहिलेली असतील. १९७९ पासून त्यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १७०२ च्या आगीत सगळं जळालं, तेव्हा लोकांनी ते पुन्हा जुन्याच आखणीवर उभं केलं. पुढे १९५५ मध्येही मोठा भाग जळाला. आज बासष्ट इमारती शिल्लक आहेत.

बहुतेक प्रवासी समोरून फोटो काढून पुढे जातात आणि ब्रिग्गेन बघितलं म्हणतात. खरं ब्रिग्गेन मागे आहे. दोन घरांच्या मधल्या फळकुटांच्या बोळात शिरा. पायाखाली फळ्या करकरतात, डोक्यावर दोन्ही बाजूंचे सज्जे जवळजवळ भिडलेले, भिंती इकडे तिकडे कललेल्या, कारण खालची जमीन खचते आहे. जुन्या लाकडाला डांबराचा वास आहे. मान वर केलीत की माल वर चढवायची जागा दिसते.

तो माल म्हणजे सुकी मासळी. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून १७५४ पर्यंत हान्से या व्यापारी शहरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी इथे होती. उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरून वाळवलेला कॉड यायचा, त्याच्या बदल्यात जर्मनीकडून धान्य यायचं. हा कॉड मीठ न लावता फेब्रुवारी ते मे थंड वाऱ्यावर वाळवतात. दोन-दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवावर टांगायचे. आपल्याकडे वसई-वर्सोव्याला बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने काठीवर टाकतात, अगदी तसंच; आपल्याकडे ऊन, तिथे गारठा. आई मालवणची. एका दुकानात टांगलेल्या कॉडवर तिने बोटाने टकटक केलं, तर लाकडी फळीसारखा आवाज आला. नाकाजवळ नेऊन म्हणाली, "अगं, हे तर आपलंच सुकं!" त्यानंतर त्या गल्ल्यांमधली एकही पाटी तिला वाचून दाखवावी लागली नाही.

एक गोष्ट मात्र तिला सांगावी लागली. आगीच्या धास्तीने या लाकडी घरांत विस्तव पेटवायला बंदी होती. नॉर्वेच्या हिवाळ्यात ते व्यापारी आणि त्यांची शिकाऊ पोरं तशीच गारठत झोपायची. स्वयंपाक आणि शेक मिळायचा तो मागच्या बाजूच्या वेगळ्या सभागृहांत, शोत्स्तुएनेमध्ये. ती जागा आता संग्रहालय आहे. तिच्या शेजारची मारियाकिर्केन ही बाराव्या शतकातली दगडी चर्च शहरातली सर्वांत जुनी उभी वास्तू. दोन्हींना मिळून तासभर द्या.

तिसरी गोष्ट: यातलं एकच निवडा

संगीताची आवड असेल तर एडवर्ड ग्रीग या संगीतकाराचं घर, त्रोल्दहाउगेन. १८८५ मध्ये बांधलेलं हे घर पाण्याकाठी आहे. त्याची संगीत लिहायची छोटी खोली आणि कड्यात खोदलेली समाधीही तिथेच. शहरातून बुबानेन ही हलकी रेल्वे पकडून होप स्थानकाला उतरा, तिथून वीस-पंचवीस मिनिटं चाल. जाऊन-येऊन साडेतीन तास धरा आणि मग शोत्स्तुएने सोडून द्या.

चित्रं आवडत असतील तर तळ्याकाठच्या कोदे संग्रहालयात नॉर्वेचा चित्रकार मुंक याची चित्रं आहेत. पाऊस ओतत असेल त्या दिवशी हेच निवडा.

यातलं काही नको असेल तर स्कोल्टेनजवळचा बर्गनहूस किल्ला. तिथला होकोन्सहालेन हा दरबार १२६१ मध्ये राजपुत्राच्या लग्नासाठी पुरा झाला. २० एप्रिल १९४४ ला समोरच्या बंदरात स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन त्याची नुसती भिंताडं राहिली. आज दिसतं ते नंतर उभं केलेलं. आम्ही हाच निवडला, कारण जहाज दोनशे पावलांवर दिसत होतं आणि बाबा निर्धास्त होते.

खाणं आणि पैसे

मासळी बाजारातली ताटं महाग असतात, भाव विचारूनच बसा. कोळंबी-सामनची थाळी तिघांत घेण्यापेक्षा प्रत्येकी एक वाटी बर्गनचं फिशसूप घेणं मला जास्त पटलं: साईचं, किंचित आंबट, सोबत पाव. शाकाहारी असाल तर दालचिनीचा शिलिंग्सबोल्ले हा गोड पाव बेकऱ्यांत मिळतो, आमचं दुपारचं पोट त्यावर भरलं. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या. जहाजावरचं न्याहारीचं खाणं बाहेर न्यायला साधारण मनाई असते. दुधाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत आणता येत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवा. चिवडा, चिक्की, खजूर बिनधास्त न्या. पाणी विकत घेऊ नका, तिथलं नळाचं पाणी उत्तम आहे, रिकामी बाटली नेऊन भरून घ्या.

रोख क्रोन बदलून घेण्याचीही गरज नाही. चहापासून स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं. प्रत्येकाकडे एकेक चालू कार्ड आणि जहाजाचं ओळखपत्र असू द्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा औषधं किंवा स्वेटर तिथे घेऊ म्हणून विसंबून राहू नका.

परतल्यावर

जहाजावर आल्या आल्या खोलीत जाऊन आडवे होऊ नका. अंगावरचा स्वेटर तसाच ठेवून सर्वांत वरच्या मजल्यावर, मागच्या टोकाला जा. जहाज सुटलं की किल्ल्याचा बुरूज, मग ब्रिग्गेनची ती त्रिकोणी कपाळं, मग फ्लोयेनवर चढणारी गाडी, सकाळपासून पायाखाली घातलेलं सगळं एका ओळीत मागे सरकत जातं. आई कठड्याला धरून बोटाने दाखवत होती: इथे बसलो होतो, इथून उतरलो, आणि ते बघ, तिथे सुकं टांगलेलं होतं.