शालेय सॉफ्टबॉलच्या सरावासाठी स्वस्तातलं पिचिंग मशीन कसं निवडावं

शाळेच्या संघात धड पिचर, म्हणजे बॅटिंग करणारीला चेंडू टाकणारी, एक, फार तर दोन. सगळ्या पोरींना पोटभर बॅटिंग द्यायची म्हटलं की त्या एकीच्या खांद्याचं वाटोळं होतं. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या क्रीडाशिक्षकाला कधी ना कधी पिचरऐवजी चेंडू फेकणारं मशीन घ्यावंसं वाटतंच. मग दुकानात पहिला प्रश्न असतो, "स्पीड किती?" तो शेवटी विचारा.

१. आधी चेंडू मोजा

शिंप्याची टेप घ्या आणि तुमचा संघ ज्या चेंडूने खेळतो त्याचा घेर मोजा. नेहमीचा सॉफ्टबॉल १२ इंच भरतो, लहान मुलांसाठी ११ इंचीही येतो. क्रिकेटचा चेंडू जेमतेम ९ इंच. मेरठ-जालंधरकडचं क्रिकेटचं बोलिंग मशीन दाखवून दुकानदार "चालून जाईल सर" म्हणतो, पण चेंडू फेकणाऱ्या त्याच्या चाकांमधली फट क्रिकेटच्या चेंडूच्या मापाची असते. ती सरकवून वाढवता येत नसेल तर पुढे बोलूच नका. दुसरं, ते मशीन चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडतं आणि सॉफ्टबॉलची पिचर कमरेजवळून. तेव्हा स्टँड किती खाली येतो तेही बघा.

२. मग लाईट

आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. अमेरिकेहून येणारं बरंचसं चाकाचं मशीन ११०-१२० व्होल्टचं असतं, आपला पुरवठा २३० व्होल्टचा. थेट लावलंत तर मशीन जळालंच म्हणून समजा. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही मशीनच्या वॅटपेक्षा मोठा, कारण सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते. हा खर्च किमतीत धरूनच तुलना करा.

लाईट असली तरी व्होल्टेज कुठे स्थिर असतं? मैदान गावाबाहेर, त्याच डीपीवर केळीच्या नाहीतर कपाशीच्या शेतातल्या मोटारी. त्या सुरू झाल्या की साध्या मशीनचं चाक मंदावतं आणि मघाशी छातीशी येणारा चेंडू होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंग करणारीजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या, अलीकडे टप्पा खातो. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं मशीन मिळत असेल तर थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

३. प्रकार ठरवा

सगळ्यात स्वस्त म्हणजे समोरून अलगद चेंडू उडवून देणारं सॉफ्ट-टॉस मशीन. बॅटचा झोका बसवायला ते ठीक, पण त्यावर पिचिंगची सवय होत नाही. त्याच्या वर पायाने दाबून ताण सोडायचं मशीन, लुइव्हिल स्लगर कंपनीचं ब्लू फ्लेम या जातीचं. त्याला वीज लागतच नाही. लोडशेडिंगच्या गावात माझं मत यालाच. तिसरं चाकाचं. एका चाकाचं स्वस्त, दोन चाकांचं चेंडूला फिरकीही देतं. चाकाचं घेणार असाल तर त्याचा फोटो आधी गावातल्या मोटार भरून देणाऱ्या माणसाला दाखवा. "ही मोटार माझ्याकडे भरून होईल" असं तो म्हणाला, तर ती कुठल्याही वॉरंटी कार्डापेक्षा कामाची गोष्ट.

४. पैसे देण्याआधी दहा चेंडू टाकून बघा

मशीनपासून ४० फूट मोजा. होम प्लेटच्या जागी ताडपत्री ताणून बांधा, मैदान आखायची फक्की पाण्यात कालवून तिच्यावर फासा आणि सुकू द्या. चेंडू लागेल तिथली फक्की उडते आणि ठसा दिसतो. एकाच सेटिंगवर दहा चेंडू टाका. प्लेटची रुंदी १७ इंच. निदान आठ ठसे तेवढ्या पट्ट्यात आणि गुडघा ते छाती या उंचीत हवेत. चेंडू एकाच जातीचे आणि कोरडे घ्या, कारण ओला किंवा झिजलेला चेंडू चाकावर घसरतो आणि दोष मशीनला लागतो. लागोपाठ टाकताना शेवटचे चेंडू खाली पडत असतील, तर मोटार कमजोर आहे.

५. आता स्पीड

१४ वर्षांखालच्या पोरींना ताशी ५५ ते ७० किलोमीटर पुरे. ६० च्या वेगाचा चेंडू ४० फूट पाऊण सेकंदाच्या आत कापतो, तेवढ्यात ठरवून बॅट फिरवायची असते. शंभरच्या स्पीडचे पैसे उगाच देऊ नका.

त्या पैशात एक डझन खाचांचे मशीनचे चेंडू आणि चेंडू भरणाऱ्यासमोर उभी करायची जाळी घ्या. शिवणीचे कातडी चेंडू चाकात लवकर फाटतात. जाळी नसेल तर मशीन सुरूच करू नका. फटका सरळ परत येतो. हेल्मेट बॅटिंग करणारीला आणि भरणाऱ्याला, दोघांनाही. चेंडू आधी हात उंच करून दाखवायचा, मगच सोडायचा. चाकात चेंडू अडकला तर प्लग काढून, चाक पूर्ण थांबल्यावरच हात घालायचा.

एका शाळेला परवडत नसेल तर शेजारच्या दोन शाळांनी मिळून घ्यावं. त्यासाठी पाय दुमडणारं, दोघींना उचलून टेम्पोत टाकता येईल असं मशीन बघा. मे महिन्यात ते पत्र्याच्या खोलीत कोंडू नका, चाकाचं रबर कडक होतं.