विदर्भातल्या चित्रीकरणावरचे खाणेपिणे : युनिटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

चित्रपटाच्या युनिटमध्ये पहिल्यांदा काम करायला येणारी मुले-मुली कॅमेरा, लेन्स, कॉलशीट (दिवसाच्या कामाचे वेळापत्रक) यांची बरीच माहिती आधीच काढून येतात. जेवणाविषयी मात्र सहसा कोणी काही विचारत नाही. विदर्भातल्या खेड्यांत होणाऱ्या चित्रीकरणांवर मी प्रॉडक्शन विभागात काम करत आलो आहे आणि माझे ठाम मत आहे की, बारा तासांच्या शिफ्टमध्ये माणूस टिकतो तो नाश्ता, जेवण आणि चहा यांच्या जोरावर, आणि युनिट त्याला आपला मानू लागते तेही पंगतीत बसल्यावरच. जेवण हा कामाच्या मधला खंड नसून कामाचाच एक भाग आहे, असे समजून आलात तर इथे खाण्याचे जे सुख मिळते त्याला तोड नाही.

सुरुवात नाश्त्यापासून करू. हिवाळ्यात कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, पुष्कळदा उजाडण्यापूर्वीचा असतो, कारण कपाशीच्या शेतावर पडणारे कोवळे ऊन दिग्दर्शकाला हवे असते आणि ते फार थोडा वेळ मिळते. ‘एक शॉट होऊ द्या, मग खाऊ’ असे नव्या मुलांना वाटते; पण पहिल्या शॉटला लागूनच दुसरा येतो आणि तोवर पोहे थंड होऊन जातात. त्यामुळे सामान उतरत असतानाच खाऊन घ्यावे. आपल्याकडे पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा, म्हणजे तर्री, घालून देतात, आणि थंडीत हात गारठलेले असताना त्या प्लेटीसारखे दुसरे काही नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्यांनी तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्यावी. वाढणारे दादा मुळीच वाईट वाटून घेत नाहीत. याच दिवसांत सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर आणि स्वस्त असतो, म्हणून अधूनमधून सांबारवडीही होते आणि तिच्यासोबत आंबट कढी मिळाली तर त्या दिवशी रांगेत लवकर उभे राहावे.

दुपारच्या जेवणाची सुटी साधारण पाच-सहा तासांच्या कामानंतर होते. ती नेमकी केव्हा होणार हे प्रकाशावर, कलाकारांवर आणि गावातल्या लाउडस्पीकरवरही अवलंबून असते, त्यामुळे स्वयंपाक तयार होऊन थांबलेला असणे ही रोजची गोष्ट आहे. इथे एक नियम पाठ करून ठेवावा: शिजलेले अन्न साठ अंश सेल्सिअसपेक्षा गरम ठेवता येत नसेल, तर ते दोन तासांच्या आत संपले पाहिजे, आणि बाहेरचे तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर एका तासातच. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ही अट अजिबात सैल करता येत नाही. सेटवर ठेवलेले जेवण संध्याकाळी पुन्हा खाण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यात ताक, कैरीचे पन्हे आणि कच्चा कांदा यांवर भर द्यावा. कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि तयार पाकीट जवळ नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे आणि ताबडतोब युनिटच्या डॉक्टरांना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे.

या सगळ्या अडचणींवर आपल्या मातीतच एक उत्तम तोड आहे, ती म्हणजे रोडगे. जाडसर दळलेल्या कणकेत मीठ आणि तेलाचे मोहन घालून, लहान पोळ्या एकावर एक ठेवून मधून तेल लावत गोळा वळतात आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. बाहेरून राख लागलेला, आतून थर सुटलेला तो रोडगा कापडाने पुसून हातानेच फोडतात, वर तूप सोडतात, आणि सोबत वरण व वांग्याची भाजी असते. विस्तवावरून काढल्यावरही तो बराच वेळ गरम राहतो. शिवाय भात चिकट होतो, पोळी वातड होते, तसे त्याचे काही होत नाही. म्हणून सुटी लांबली तरी शेवटच्या लाइटमनच्या ताटातही पहिल्याइतकेच चांगले जेवण पडते. गावातल्या माणसांना आदल्या दिवशी सांगितले तर ते मोठ्या आपुलकीने रोडग्यांची व्यवस्था करतात. त्या दिवशी शेतात सतरंज्या टाकून सगळे युनिट एकत्र बसते, आणि कॅमेरा विभागातले ज्येष्ठ, एरवी ज्यांच्याशी बोलायचे धाडस होत नाही, ते तुमच्या शेजारी बसून तुपाची वाटी पुढे करतात. माझ्या मते कोणत्याही नव्या सहायकाने तो दिवस चुकवू नये.

रात्रीच्या जेवणाला कधी सावजी रस्सा मागवला जातो. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातून आलेली ही पाककृती अतिशय तिखट असते, तेव्हा पहाटेचा कॉलटाइम असेल तर बेतानेच घ्यावी.

आता कामाशी थेट जोडलेली बाब. दृश्यात जे अन्न दिसते ते आर्ट डिपार्टमेंटचे असते आणि त्याला हात लावायचा नसतो. ते तासन्‌तास दिव्यांखाली राहिलेले असते आणि ताजे दिसावे म्हणून त्यावर तेल किंवा ग्लिसरीन लावलेले असू शकते. कलाकार प्रत्यक्ष खातात ते अन्न वेगळे आणि प्रत्येक टेकला, म्हणजे शॉट पुन्हा घेताना दर वेळी, ताजे असते, म्हणून भाकरीचा प्रसंग असेल तर भाकऱ्या भरपूर थापून ठेवाव्या लागतात. कोणत्या वाक्यावर कोणत्या हाताने घास तोडला आणि चून (पिठले) ताटाच्या कोणत्या बाजूला होते, याची नोंद कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, पाहणाऱ्या सहायकाकडे असते. हुरड्याचा प्रसंग सर्वांत अवघड, कारण ज्वारीचे कणीस कोवळे असण्याचे दिवस मोजके असतात आणि भाजून चोळलेला हुरडा निवला की त्याची चव व रूप दोन्ही जाते. तिथे शेकोटी सतत पेटती ठेवून टेकच्या वेळीच कणसे भाजावी लागतात. पॅकअप झाल्यावर उरलेल्या कणसांवर मात्र सगळ्यांचा हक्क असतो, आणि लसणाची चटणी, गूळ, दही यांच्याबरोबर तिथेच शेकोटीभोवती तो हुरडा संपवणे हा या व्यवसायातला माझा सर्वांत आवडता आनंद आहे.

वरुड-मोर्शीच्या बाजूला संत्र्याच्या बागेत चित्रीकरण असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे तोडणीला येतात. बाग पुष्कळदा तोडणीपूर्वीच व्यापाऱ्याला विकलेली असते, त्यामुळे जमीन देणाऱ्या शेतकऱ्याने ‘घ्या की’ म्हटले तरी झाडावरचे फळ त्याचे असेलच असे नाही. खाली पडलेलेही विचारूनच उचलावे.

गावात घराघरांतून चहाचे, जेवणाचे बोलावणे येते. ते स्वीकारावे, निदान एक घास तरी घ्यावा, पण बाहेर जेवणार असाल तर प्रॉडक्शनला आधी सांगावे, कारण स्वयंपाक डोकी मोजून होतो. गर्दीच्या दृश्यासाठी आलेल्या गावकऱ्यांना युनिटच्याच भांड्यातले, तेच जेवण मिळते आहे ना, हे पाहणे मी सहायकाचे कर्तव्य मानतो. जिथे त्यांच्यासाठी वेगळी, हलकी पाकिटे येतात तिथे काम करताना मला मनापासून वाईट वाटते. सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणासोबतच आवाजाचे ध्वनिमुद्रण, सुरू असताना बिस्किटाचा पुडा उघडू नये. चहाचे प्लॅस्टिकचे ग्लास शेतात टाकू नयेत, कारण ते गुरांच्या पोटात जातात.

पहिले मानधन हाती आले की युनिटला काही गोड खाऊ घालण्याची चांगली रीत आहे. वर्ध्याकडे असाल तर गोरसपाक आणावा, कारण तो कोरडा असल्यामुळे जीपच्या धक्क्यांत आणि धुळीतही नीट राहतो. नागपूरहून येत असाल तर संत्राबर्फी. शेगाव वाटेवर असेल तर तिथली कचोरी, पण ती त्याच दिवशी वाटून संपवावी. खोका उघडल्यावर सुरुवात स्वयंपाक करणाऱ्यांपासून आणि सेटवर चहापाणी पाहणाऱ्या स्पॉटदादांपासून करावी, कारण त्यांच्या हाती वाटण्याचे काम दिले की त्यांच्यासाठी बहुधा काही उरत नाही.