शहरात परका प्राणी दिसला तर

तळ्याकाठच्या दगडावर ऊन खात बसलेलं अनोळखी कासव, विजेच्या खांबावर काड्यांचा भारा रचणारे पोपट, रात्री माळ्यावर धपाधप चालणारं काहीतरी वजनदार. असं काही दिसलं की बहुतेकजण 'पकडायचं कसं?' इथूनच सुरुवात करतात. तो प्रश्न मागाहून घ्यावा. आधी ठरवायचं ते हे, की हा प्राणी कुणाच्या घरून नुकताच सुटलाय, की त्याच्या जातीनं इथे बिऱ्हाड थाटलंय? सुटलेला पाळीव प्राणी वेळेत हाती लागला नाही तर उपासमारीनं किंवा थंडीनं मरू शकतो, म्हणून तिथे घाई करायची. वस्ती करून असलेल्या प्राण्यांतला एखादा पकडून मात्र काहीच साधत नाही. तिथे नोंद आणि बंदोबस्त हेच काम.

दुसरं, दिसायला विचित्र म्हणजे परका नव्हे. 'परका' हे जागेवरून ठरतं. आपला राघू लंडनच्या बागांत परका आहे, आणि साळुंकी तर जगातल्या अतिउपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. उलट, जिथलं उदमांजर तिथेच दिसलं तरी लोक 'रॅकून (मूळचा उत्तर अमेरिकेतला निशाचर प्राणी) आला' म्हणून फोन करतात. दोघांच्याही तोंडावर काळा मुखवटा असतो, त्यामुळे चेहऱ्यावर विसंबू नका, शेपटी बघा. रॅकूनची शेपटी आखूड, झुपकेदार आणि कड्याकड्यांची. साध्या उदमांजराची जवळपास अंगाएवढी लांब आणि बिनकड्यांची.

सुटलेला की वसलेला

पक्षी असेल तर पाय बघा. न उघडणारी अखंड कडी पिल्लू लहान असतानाच घालता येते, म्हणजे तो पैदास केंद्रात जन्मलेला. कापलेली उड्डाणपिसं, वाढलेली नखं, माणूस दिसताच जवळ येणं, एकट्यानंच फिरणं, या सगळ्या घरात राहिल्याच्या खुणा. पाळलेल्या कासवाची नखं पुष्कळदा लांब वाढलेली असतात. सस्तन प्राणी हाती आला तर पशुवैद्याकडून मायक्रोचिप तपासून घ्या. त्यात १५ अंकी क्रमांक असतो आणि यंत्र फिरवायला मिनिटही लागत नाही. यंत्र फक्त मानेवर न फिरवता खांद्यावरून आणि बाजूनंही फिरवायला सांगा, कारण चिप कातडीखाली सरकते.

वस्तीची मुख्य खूण: वेगवेगळ्या वयाचे प्राणी. तळ्यात पाच मोठी कासवं दिसली, तर ती पाच जणांनी सोडलेली असू शकतात. त्यांच्यात तीन-चार सेंटिमीटरची पिल्लंही दिसली तर शंका घ्यायला जागा आहे, पण ती दुकानातून आणलेलीही असू शकतात, कारण विकतात त्याच मापाची. लागोपाठ दोन-तीन वर्षं सगळ्या मापांची दिसली, किंवा मातीत उकरलेलं घरटं मिळालं, तर मात्र पैदास होतेय असं धरायला हरकत नाही.

नोंद कामाची कशी होते

नुसता 'झाडावर काहीतरी हिरवं' असा फोटो कुणाच्याच उपयोगाचा नाही. किमान तीन फोटो हवेत: पूर्ण बाजूनं, वरून किंवा पाठीमागून, आणि डोक्याचा जवळून. जमलं तर मापासाठी शेजारी पेन ठेवा. ठसा असेल तर ठेवाच. सोबत तारीख, वेळ, नेमकी जागा, संख्या आणि प्राणी काय करत होता ते लिहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना प्राणी पाळीव किंवा बंदिस्त असल्याचा पर्याय असतो. सुटलेला पाळीव असल्याची खात्री असेल तर तो निवडा, नाहीतर नकाशावर नसलेली वस्ती उभी राहते.

निशाचर प्राण्यासाठी कॅमेरा ट्रॅप (हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावणार असाल तर जमिनीपासून ३० ते ५० सेंटिमीटर उंचीवर, वाटेपासून तीन ते पाच मीटरवर लावा, आणि वाटेला आडवा न लावता तिरका, म्हणजे प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. समोरचं गवत आधी कापा. तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की कॅमेरा चालू होतो आणि सकाळी कार्डात गवताचेच शेकडो फोटो निघतात. लावून झाल्यावर समोरून स्वतः रांगत जा. गुडघ्याच्या उंचीवर तुमचा फोटो येत नसेल तर रॅकूनचाही येणार नाही.

तळ्यातलं कासव

शहरी तळ्यांत सर्वांत जास्त भेटणारा परका म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. मूळचा मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला. ओळख सोपी: डोळ्याच्या मागे लाल पट्टा, अंगावर पिवळ्या-हिरव्या रेघा, पोटाकडची ढाल पिवळी आणि तिच्यावर काळे डाग. चूक होते ती म्हाताऱ्या नरांत. ते वयानुसार काळवंडतात आणि लाल पट्टा दिसेनासा होतो. अशा वेळी पोट आणि पुढची नखं बघा. नराची पुढची नखं मुळातच खूप लांब असतात, ती पाळल्याची खूण नव्हे.

दुकानात नाण्याएवढं दिसणारं हे पिल्लू मादी असेल तर २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि सहज २० वर्षं जगते. सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण ४० लिटर पाणी हा पाळणाऱ्यांचा ठोकताळा धरला, तर मोठ्या कासवाला ४०० लिटरची टाकी लागते. शिवाय ऊन खायला कोरडी जागा, अतिनील किरणांचा दिवा आणि रोज घाण होणारं पाणी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरचे थकतात आणि कासव 'मोकळं' केलं जातं. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली आणि २०१६ च्या आक्रमक प्रजातींच्या पहिल्या यादीत त्याला घातलं, तरी आधी सोडलेली कासवं तळ्यांत बसलेली आहेतच.

रस्त्यावर किंवा बागेत कासव सापडलं तर दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध, कवचाच्या कडांना धरा. शेपटीनं उचलू नका, मणके दुखावतात. अंगापासून दूर धरा, कारण ते लघवी करतं आणि मागच्या नखांनी ओरखडतं. मोठं डोकं, खडबडीत लांब शेपटी आणि चावऱ्या चोचीचा स्नॅपिंग टर्टल असेल तर हातच लावू नका. त्याची मान कवचाच्या बरीच मागे पोचते. बाकीच्या कासवाला झाकणाच्या प्लॅस्टिक टबमध्ये ओलं फडकं अंथरून ठेवा, झाकणाला भोकं पाडा, टबमध्ये पाणी भरू नका. दमलेलं किंवा जखमी कासव खोल पाण्यात बुडू शकतं. नंतर साबणानं हात धुवा, आणि टब स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असतो. लहान मुलं पिल्लं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद आहे.

यानंतरचा भाग लोकांना आवडत नाही. हे कासव त्याच तळ्यात परत सोडायचं नाही, आणि 'लांबच्या नदीत' तर अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा आहे. वन्यजीव खातं किंवा बचाव केंद्राला आधी फोन करा आणि जागा आहे का, ते स्पष्ट विचारा. कित्येक केंद्रं स्लायडरनं आधीच भरलेली असतात. जागा नसेल तर पशुवैद्याच्या हातचा शांत मृत्यू हाही पर्याय समोर येतो. तो कठोर वाटतो, पण सोडून देण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

पोपट

सुटलेला पोपट पकडायची वेळ पहाटेची, तयारी मात्र आदल्या संध्याकाळी. दिवसभर मागे धावलात तर तो उंचावर जातो. तो रात्रीसाठी कुठे बसतो ते अंधार पडेपर्यंत बघत राहा आणि उजाडण्याच्या अर्धा तास आधी तिथे पोचा. उघडा पिंजरा, त्यात ओळखीचं खाणं आणि जमलं तर जोडीदार पक्ष्याचा आवाज. भुकेला पोपट खाली उतरतो. हाती आल्यावर घरच्या पक्ष्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. विष्ठा कोरडी झाडू नका, ओली करून पुसा आणि मास्क लावा, कारण पोपटांकडून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो.

वसलेले पोपट हा वेगळा मामला. राघूला ढोली लागते आणि ती तो वर्षाच्या सुरुवातीलाच बळकावतो, मग स्थानिक पक्ष्यांना उरत नाही. स्पेनमधल्या सेव्हिलच्या एका उद्यानात तर त्यांनी ढोलीतल्या मोठ्या वटवाघळांवर हल्ले करून त्यांना हुसकावलं. अर्जेंटिनाकडचा मंक पोपट ढोलीच्या भानगडीत पडत नाही. काड्यांचं घरटं बांधणारा हा एकमेव पोपट. बार्सिलोनात आणि न्यूयॉर्कात त्याच्या चाळी दिसतात: एकाच भाऱ्यात अनेक बिऱ्हाडं, प्रत्येकाला वेगळं दार. विजेच्या खांबावर असा भारा दिसला तर काठीनं पाडायला जाऊ नका. वीज कंपनीला कळवा, खांबाचा क्रमांक द्या.

माळ्यावरचा रॅकून

१९३४ मध्ये जर्मनीतल्या एडरझे तलावाजवळ दोन जोड्या सोडल्या होत्या. आज जवळचं कासेल शहर रॅकूनसाठीच ओळखलं जातं. हा प्राणी घरात शिरतो तो दहा सेंटिमीटरच्या फटीतून, आणि काढायची घाई केली की काम बिघडतं.

आधी तो आत आहे का ते पाहा. भोकाखाली पिठाचा पातळ थर पसरा, भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा. पाऊस-वारा नसताना तीन रात्री पीठ आणि कागद जसेच्या तसे राहिले तर माळा रिकामा. पाच बोटांचे, लहान मुलाच्या पंजासारखे ठसे उमटले तर पुढचं काम.

पिल्लं आहेत का ते ऐका. उत्तर गोलार्धात वसंतात पिल्लं होतात आणि साधारण आठ-नऊ आठवडे बिळातच राहतात. कुईकुई ऐकू आली किंवा मादी भरदिवसा ये-जा करताना दिसली तर भोक बुजवायचं नाव काढू नका. बाहेर अडकलेली आई कौलं उचकटून नवं भोक पाडते, नाहीतर पिल्लं आत मरून कुजतात. रात्रंदिवस दिवा लावून ठेवा आणि रेडिओवर माणसांची बडबड चालू ठेवा. मादीला आणखी दोन-तीन जागा ठाऊक असतात, ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. यात दोन-तीन रात्री जातात.

मग भोकावर बाहेरच उघडणारं झडपेचं दार बसवा आणि परत तीच पिठाची परीक्षा घ्या. माळा रिकामा झाल्याची खात्री पटली की बुजवा. फोम आणि प्लॅस्टिकची जाळी तो फाडतो. सव्वा सेंटिमीटर भोकाची वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या, भोकाच्या चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर जास्त, आणि वॉशर लावून स्क्रूनं बसवा. स्टेपलच्या पिना तो हातानं उपटतो. ओट्याखालची जागा बंद करायची असेल तर जाळी ३० सेंटिमीटर खाली गाडा आणि तिथून ३० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला आडवी वळवा. तो भिंतीलगतच उकरतो, जाळी लागली की सोडून देतो.

रॅकून एकाच जागी शौच करतो. त्यात एक गोलकृमी असतो, ज्याची अळी माणसाच्या मेंदूत आणि डोळ्यांत जाऊ शकते. विष्ठेतली अंडी संसर्गजन्य व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, पण नंतर मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ताजेपणी साफ केलेलं बरं. हातमोजे, रबरी बूट, एन ९५ मास्क; धूळ उडू नये म्हणून आधी पाण्याचा फवारा; उचललेली घाण दुहेरी पिशवीत; जमीन असेल तर उकळतं पाणी. ब्लीचनं अंडी मरत नाहीत, तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. माळ्यावर पाणी ओतता येत नाही, तिथे वाफेचं यंत्र किंवा माहितगार माणूस.

रॅकूनच काय, कुठलाही सस्तन प्राणी चावला तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

साप, इग्वाना, गोगलगाय

घरात अनोळखी साप दिसला तर खोलीचं दार लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा आणि सर्पमित्राला बोलवा. तो पाळीव अजगर असेल असं मानून हात घालू नका. पाळणारे विषारी सापही ठेवतात.

इग्वाना हा मोठा सरडा थंडीनं बधिर होऊन झाडावरून पडतो. फ्लोरिडात पारा सातेक अंशांच्या खाली घसरला की असे पडलेले इग्वाना रस्त्यावर दिसतात. मेलेला समजून गाडीत घातला तर ऊब मिळाल्यावर जागा होतो आणि शेपटीचे फटके मारतो.

मोठ्या आफ्रिकी गोगलगायीला उघड्या हातानं उचलू नका. तिच्यात उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीची अळी असू शकते. मायामीत १९६६ मध्ये एका मुलानं तीन गोगलगायी आणल्या, त्या बागेत सोडल्या गेल्या, आणि १९७५ मध्ये मोहीम संपेपर्यंत सुमारे १८,००० वेचाव्या लागल्या. २०११ मध्ये त्या पुन्हा सापडल्या. वेचायची तर पाऊस पडून गेल्यावर, दिवेलागणीनंतर, बॅटरी आणि हातमोजे घेऊन. सावलीत ओलं पोतं अंथरून ठेवलं तर सकाळी बऱ्याच त्याखाली सापडतात. घट्ट झाकणाच्या बादलीत दाट मिठाच्या पाण्यात टाका. अंडी मातीत वरच्या थरातच, पिवळसर मण्यांच्या ढिगासारखी असतात, तीही उकरून त्याच पाण्यात. पोतं दर दोन दिवसांनी उलटा, आणि गोगलगायी मिळेनाशा झाल्या तरी पुढचा पावसाळा संपेपर्यंत ते उचलू नका.