व्हाळाच्या पाण्यावर घरची वीज करायचीय? आधी बादली घ्या

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ज्यांचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे नि वरून व्हाळ, म्हणजे ओढा, येतो त्यांना जुलैत हमखास वाटतं, एवढं पाणी फुकट चाललंय, वीज करूया. करा की, पण जुलैचं पाणी बघून टर्बाइन (पाण्याच्या जोराने फिरून वीज करणारं मशीन) घेऊ नका. मी घेतलं, फेब्रुवारीत ते नुसतं शोभेला उरलं.

आधी उंची मोजा. पाणी घेणार तिथपासून टर्बाइनपर्यंतची सरळ उभी उंची हां, उताराची लांबी नव्हे. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने खाली या. मग पाणी पाइपात वळवून २० लिटरची बादली धरा, ४ सेकंदांत भरली तर सेकंदाला ५ लिटर. मीटर गुणिले लिटर गुणिले ५ केलं की साधारण वॅट मिळतात (हिशेबाने ९.८१ ने गुणायचं, पण जवळपास निम्मं वाटेतच जातं). २० मीटर आणि ५ लिटर म्हणजे ५०० वॅट, ऐकायला कमी वाटतं पण रात्रंदिवस चाललं तर दिवसाला १२ युनिट झाले की! हेच डिसेंबरात नि मार्चात परत मोजा, मगच मशीनचं ठरवा.

पाइपात कंजुषी नको. एवढंच पाणी १०० मीटर लांब २ इंची पाइपातून आणलं तर निम्म्याहून जास्त उंची घर्षणातच संपते, ३ इंचीत जेमतेम दीड-दोन मीटर. पाइपाच्या तोंडाशी छोटी टाकी बांधा, गाळ खाली बसतो, आणि जाळी लावा, नाहीतर पोफळीचा पाला आत गेलाच म्हणून समजा.

खाली नोझलमधून पाण्याची धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, त्याच्या दांड्यावरचा जनरेटर फिरतो, चुंबक तारांच्या वेटोळ्यांजवळून फिरले की वीज, बस. पण घरातले दिवे एकदम बंद केले की चाकावरचा भार जातो नि ते सुसाट सुटतं, व्होल्टेज चढतं, म्हणून कंट्रोलर लावून उरलेली वीज पाण्याच्या हीटरला द्यायची. आंघोळीचं पाणी फुकट तापतं.

व्हॉल्व्ह मात्र हळूहळू बंद करा, मी एकदा फटकन फिरवला आणि वरचा जोड धाडकन उडाला, सगळं पाणी शेजाऱ्यांच्या केळीत. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी सरळ पाटात सोडायचं, पोफळींना नेहमीसारखं मिळतं.