‘मंथन’ म्हणजे नुसती चर्चा नव्हे : कीर्तनात, प्रवचनात आणि निवेदनात या चुका टाळा

सप्त्याचा मंडप पडला, शाळेत वक्तृत्व स्पर्धा लागली, समाजाचा मेळावा ठरला, की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे ‘मंथन’ हा शब्द कुठून ना कुठून येतोच. पत्रिकेवर ‘विचारमंथन’ छापलेलं असतं, निवेदक ‘या मंथनातून अमृत निघेल’ असं म्हणतो, प्रवचनकार देव-दानवांची गोष्ट सांगतात. शब्द चांगला आहे. पण वैदिक यज्ञात, उपनिषदांत, पुराणांत, बौद्ध सुत्तांत, जैन ग्रंथांत, गुरुबाणीत आणि आपल्या संतांच्या ओवीत तो वेगवेगळ्या कामाला लावलेला आहे. हे सगळे अर्थ एकाच समुद्रात बुडवले की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नव्या कीर्तनकारांनी, शिक्षकांनी आणि सूत्रसंचालन करणाऱ्यांनी निदान पुढच्या चुका तरी टाळाव्यात.

सुरुवात समुद्रापासून करणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. मंथनाचा जुना आणि मुख्य संदर्भ अग्नीचा आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं २९ वं सूक्त अरणी घासून अग्नी जन्माला घालण्याविषयीच आहे. खाली लाकडाची आडवी फळी, ती अधरारणी. वर उभा दांडा, त्याच्या टोकाला उत्तरारणीचा तुकडा बसवलेला. दांड्याला दोरीचे वेढे देऊन ती दोन्हीकडून आळीपाळीने ओढायची. घर्षणाने तापलेल्या भुशात ठिणगी धरते. शमीवर उगवलेल्या पिंपळाचं लाकूड यासाठी उत्तम मानलेलं आहे. घुसळखांबाला रवी बांधून डेऱ्यात ताक करताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. खांब, दांडा, दोरी, आळीपाळीची ओढ, सगळं तेच.

उपनिषदांनी हे दोन्ही दाखले उचलले. श्वेताश्वतर उपनिषद सांगतं की तिळात तेल, दह्यात तूप, झऱ्यात पाणी आणि अरणीत अग्नी असतो, तसा आत्मा आपल्यात असतो. त्याच्या आधीच्याच मंत्रात देह ही खालची अरणी, ओंकार ही वरची अरणी आणि ध्यान हे मंथन म्हटलेलं आहे. इथे देव-दानव नाहीत, वासुकी नाही, विष नाही. हे एकट्याने करायचं काम आहे आणि जे काढायचं ते आधीपासून आत आहे. म्हणून उपनिषदावर बोलताना मंदार पर्वत मध्ये आणू नये. विषय तिथेच भरकटतो.

बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायात ‘मंथ’ येतो तो आणखी वेगळा. औषधी, धान्यं आणि फळं एकत्र करून ढवळलेलं ते मिश्रण आहे, मोठेपणाची इच्छा धरणाऱ्याने विधीपूर्वक घ्यायचं. ते वाळल्या खुंटावर ओतलं तरी फांद्या फुटतील, असं तिथे गुरुपरंपरेने सांगितलेलं आहे. याचं भाषांतर ‘चिंतन’ असं करणाऱ्यांनी मूळ प्रकरण एकदा वाचावं.

सगळ्या ग्रंथांच्या तोंडी एकच गोष्ट घालणं

समुद्रमंथनाची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे, रामायणाच्या बालकांडात आहे, विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशात आहे आणि भागवताच्या आठव्या स्कंधात आहे. चारही ठिकाणी ती सारखी नाही. भागवतात हालाहल आधी निघतं आणि महादेव ते प्राशन करतात. विष्णुपुराणात विष निघतं ते नाग घेतात. महादेवाच्या वाट्याला तिथे चंद्र येतो. महाभारतात मंदाराला आधार द्यायला देव-दानव अकूपार नावाच्या कूर्मराजाला विनंती करतात. भागवतात मात्र तो कूर्म साक्षात विष्णू आहे. म्हणून ‘विष्णुपुराणात सांगितल्याप्रमाणे नीलकंठाने...’ असं वाक्य लिहिलेलं असेल, तर ग्रंथाचं नाव तरी बदला, नाहीतर प्रसंग तरी.

चौदा रत्नांचंही तसंच. आपल्याकडच्या लग्नात ‘लक्ष्मीः कौस्तुभपारिजातकसुरा’ हे मंगलाष्टक म्हणतात, त्यात चौदाही रत्नं मोजलेली आहेत आणि त्यांत सुरा आहे, विषही आहे. यादी पाठ करायला ती उत्तम. पण तीच यादी सगळ्या पुराणांत त्याच क्रमाने आहे असं सांगू नका, कारण पुराणागणिक रत्नं आणि त्यांचा क्रम बदलतो.

नाशिकचा सिंहस्थ आपल्या शेजारचा, त्यामुळे अमृताचे थेंब चार ठिकाणी सांडल्याची कथाही मंथनाला जोडून हमखास येते. परंपरेत ती रुजलेली आहे आणि श्रद्धेने सांगायला हरकत नाही. वर सांगितलेल्या चार ग्रंथांतल्या मंथनाच्या वर्णनात मात्र ती नाही. ‘भागवतात असं म्हटलंय’ हे शब्द तेवढे तिच्या आधी लावू नयेत.

मंथन म्हणजे नेहमी चांगलंच, असं धरणं

मथणे या क्रियेत ठेचणं, खळबळवणं, नाश करणंही येतं. मधू दैत्याला मारणारा म्हणून विष्णू मधुमथन, मन घुसळून काढणारा म्हणून काम हा मन्मथ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांना ‘प्रमाथीनि’ म्हटलंय, कारण ती शहाण्या माणसाचंही मन जबरदस्तीने ओढून नेतात. सहाव्या अध्यायात अर्जुन तीच तक्रार मनाबद्दल करतो : ‘चञ्चलं हि मनः कृष्ण प्रमाथि बलवद्दृढम्’. इथे मन घुसळणारं आहे आणि माणूस घुसळला जातोय. ‘मनाचं मंथन करा’ असा उपदेश करताना या श्लोकाचा आधार घेतला, तर अर्थ नेमका उलटा होतो.

पुराणांत देहाचंही मंथन आहे. दुष्ट वेन राजा मेल्यावर ऋषींनी त्याचा हात मथला आणि पृथू जन्मला. निमीच्या देहाच्या मंथनातून जनकवंशाचा मूळपुरुष आला. राज्य राजाविना राहू नये म्हणून केलेला हा उपाय आहे, त्याला आत्मशोधाचं रूपक करू नका.

लोण्यापाशी थांबणं

ही चूक वारकरी परंपरेत वाढलेल्या आपल्या माणसांनी तरी करू नये, असं मनापासून वाटतं. मुक्ताई जिथे विजेच्या लखलखाटात अंतर्धान पावली ते तापीकाठचं मेहूण आपलं, कोथळी-मुक्ताईनगर आपलं, आणि तिच्या भावाची, ज्ञानदेवांची, ओवी मात्र आपण अर्धीच सांगतो.

हरिपाठाच्या दुसऱ्या अभंगात ‘मंथुनी नवनीता तैसें घे अनंता’ असं आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात गीतेचा महिमा सांगताना ज्ञानदेव म्हणतात :

ना तरी शब्दब्रह्माब्धि । मथियला व्यासबुद्धि ।
निवडिलें निरवधि । नवनीत हें ॥

वेद हा समुद्र, व्यासांची बुद्धी ही रवी आणि गीता हे त्यातून वर आलेलं लोणी. बहुतेक प्रवचनं इथे थांबतात. पुढची ओवी अशी :

मग ज्ञानाग्निसंपर्कें । कडसिलेंनि विवेकें ।
पद आलें परिपाकें । आमोदासी ॥

घरात लोणी काढणाऱ्या बाईला या ओवीचा अर्थ पंडिताच्या आधी कळतो. लोणी तसंच ठेवलं तर दोन दिवसांत आंबूस होतं, आणि जळगावच्या वैशाखात तर दुसऱ्या दिवशीच. ते मंद आचेवर कढवावं लागतं, बेरी खाली बसावी लागते, आणि तूप झाल्याचं डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. ज्ञानदेवांनी नेमका तोच क्षण पकडलाय. ‘आमोद’ म्हणजे सुगंध. ज्ञानाचा अग्नी, विवेकाने कढवणं, मग दरवळ. मंथन ही त्यांच्या लेखी अर्ध्यावरची पायरी आहे. म्हणजे शास्त्रातून सार निवडून झालं तरी ते अजून कच्चं आहे, आणि त्याला आच द्यायचं काम वाचणाऱ्याचं आहे. ही दुसरी ओवी गाळली, की ज्ञानेश्वरीतलं मंथन आणि पत्रिकेवरचं ‘विचारमंथन’ यांत फरक उरत नाही.

बुद्धाच्या तोंडी अमृतमंथन घालणं

अजिंठा आपल्या हाकेच्या अंतरावर, पितळखोरा चाळीसगावच्या डोंगरात. इकडे बुद्धजयंतीची भाषणं पुष्कळ होतात आणि त्यांत ‘बुद्धांनी मंथन करून अमृत काढलं’ असं वाक्य ऐकू येतं. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या भूमिज सुत्तात घुसळण्याचा दाखला थेट आलेला आहे आणि तो फार कडक आहे. लोणी हवं असलेला माणूस घड्यात पाणी ओतून रवीने घुसळत बसला, तर इच्छा धरून घुसळो की इच्छा न धरता घुसळो, लोणी येणार नाही. दही घुसळलं, तर इच्छा असो नसो, लोणी येईल. वाळू रगडून तेल काढण्याचा आणि ओल्या लाकडातून अग्नी काढण्याचा दाखलाही तिथेच आहे.

अहिराणीत विचारायचं तर, पानी घुसयीसन लोनी येस का? सुत्ताचा भर मार्ग कोणता यावर आहे, हुरूप किती आहे यावर नाही. सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंतचा मार्ग हे दही. म्हणून हा दाखला ‘प्रयत्न करत राहा, फळ मिळेलच’ या उपदेशाला जोडला, तर सुत्ताच्या नेमकं विरुद्ध जातो.

जैन दाखल्यात दोरी विसरणं

चातुर्मासात जळगाव-धुळ्याला जैन प्रवचनं रोज चालतात. अनेकांतवाद, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात हा विचार, समजावताना आचार्य अमृतचंद्रांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायातला शेवटाकडचा श्लोक फार उपयोगी पडतो. गवळण जशी रवीच्या दोरीचं एक टोक ओढते आणि दुसरं सैल सोडते, तशी जैन नीती वस्तूच्या एका अंगाला पुढे घेते आणि दुसऱ्याला ढील देते. श्लोकात ‘मन्थाननेत्र’ असा शब्द आहे, तिथे नेत्र म्हणजे रवीची दोरी. घाईत ‘गोपीचे डोळे’ असं भाषांतर झालं की सगळा श्लोकच बिघडतो.

दुसरी बारीक चूक अर्थाची. ‘सगळी मतं एकाच वेळी सारखीच खरी’ असं सांगायला हा श्लोक वापरतात. दोन्ही टोकं एकदम सारख्याच जोराने ओढली तर रवी जागची हलणार नाही. एक हातातून सुटलं तरी काम थांबेल. एका वेळी एक मुख्य, दुसरं गौण, पण दोन्ही हातात. श्लोक हे सांगतो आणि अनेकांतावरचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

जैन आगमांत ‘मंथान’ आणखी एका ठिकाणी येतो, केवली-समुद्घातात, म्हणजे पूर्ण ज्ञान झालेल्या केवलीचा आत्मा देहाबाहेर पसरतो त्या प्रक्रियेत. आठ समयांच्या (समय म्हणजे काळाचा सर्वांत बारीक भाग) या प्रक्रियेत केवलीचे आत्मप्रदेश आधी दंडाच्या, मग कपाटाच्या, मग मंथानाच्या आकाराने पसरतात, चौथ्या समयाला सारा लोक व्यापतात आणि पुढच्या चार समयांत परत येतात. तिसऱ्या पायरीला प्रतर असंही नाव आहे. इथे काहीही घुसळलं जात नाही, रवीचा फक्त आकार घेतलाय.

घुसळण्याची घाई

गुरू ग्रंथ साहिबात राग आसामध्ये कबीरांचं पद आहे : हरीचं घुसळण घुसळा, पण सहज घुसळा, म्हणजे तत्त्व निसटणार नाही. उन्हाळ्यात ताक गरम असताना जोर लावला की लोणी गोळा होत नाही, स्निग्धांश ताकातच राहून जातो. म्हणून आपल्याकडे रवी लावायच्या आधी थंड पाणी घालतात. ‘सहज’चा अर्थ ‘सोपं’ असा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

राग सूहीच्या आरंभी गुरू नानकदेव तर पूर्ण कृतीच देतात. आधी भांडं धुवा, धूप द्या, मग दुधाला जा. कर्म हे दूध, सुरती म्हणजे लागलेलं ध्यान हे विरजण, आणि फळाची आशा न धरता ते लावायचं. मन हे दोरीच्या टोकांचे लाकडी मुठे, झोप न येणं ही दोरी, जिभेवर नाम. मग मथलं की अमृत. या पदावर बोलताना लोक एकदम अमृतावर उडी मारतात. अर्ध्याहून अधिक ओळी तयारीच्या आहेत आणि भांडं धुणं पहिलं आहे.

किरकोळ, पण खटकणाऱ्या

हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात सिद्धांच्या नावांत ‘मन्थानो भैरवो’ येतो. ते सिद्धाचं नाव आहे, त्याचं भाषांतर करू नये. ‘अग्निमंथ’ हा यज्ञविधी नसून दशमुळातली ऐरण ही वनस्पती असू शकते, संदर्भ पाहून ठरवा. सुश्रुताने सांगितलेला ‘अधिमंथ’ हा डोळ्यांचा रोग आहे, डोळा घुसळल्यासारखा दुखतो म्हणून ते नाव.

आणि वैद्याने ‘मंथ घ्या’ म्हटलं तर ते औषध आहे. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधराचं माप (पल हे जुनं वजन) १ पल कुटलेलं द्रव्य, ४ पल थंड पाणी, मातीच्या भांड्यात चांगलं घुसळून त्यातलं २ पल प्यायचं. खजूर, डाळिंब, द्राक्षं, चिंच, आवळा, फालसा यांचा खर्जूरादी मंथ मद्याच्या विकारांवर सांगितलेला आहे. तो गॅसवर ठेवू नये. उकळला की तो मंथ राहत नाही, काढा होतो.