माइनक्राफ्टमध्ये पहिली रात्र कशी काढायची आणि मग बेस कसा बांधायचा

भावा, नवीन वर्ल्ड उघडलं की पहिल्यांदा सूर्य कुठं हाय ते बघ. गेममधला अख्खा दिवस 20 मिनिटांचा, त्यातला चांगला उजेड 10 मिनिटं, मग अंधार पडला की झोंबी, स्केलेटन, कोळी सगळेच बाहेर पडतात. लय पोरं इथंच फसतात, पहिल्याच दिवशी बंगला बांधायला घेतात आणि दोन भिंती होईस्तोवर रात्र होते.

आधी लाकूड. हातानंच झाड फोडायचं, 12-15 ओंडके घे, एका ओंडक्याच्या 4 फळ्या होतात. 4 फळ्यांचं क्राफ्टिंग टेबल (वस्तू बनवायचं टेबल), 3 फळ्या आणि 2 काठ्यांची लाकडी पिकॅक्स (कुदळ), ती फक्त दगड फोडण्यापुरती, 3 दगड हातात आले की लगेच दगडी करायची. 8 दगडांची भट्टी होते. कोळसा दिसला नाही तर घाबरायचं नाही, भट्टीत ओंडके भाजले की लोणारी कोळसा मिळतो, त्याचीपण टॉर्च (मशाल) होते, एक कोळसा आणि एक काठी म्हणजे 4 टॉर्च. वाटेत मेंढ्या दिसल्या तर सोडू नको, एकाच रंगाची 3 लोकर आणि 3 फळ्या झाल्या की बेड तयार, झोपलास की रात्र संपते आणि मेलास तरी तिथंच परत उठतोस.

पहिल्या रात्रीचं घर म्हणजे डोंगरात खोदलेली 3 बाय 3 ब्लॉकची (ठोकळ्यांची) खोली, तोंडाला माती लावायची, आत टॉर्च, बास. आतनंच दगड खोदत बसायचं.

आता खरा बेस, म्हणजे कायमचं घर. मला तर पन्हाळ्यासारखाच बेस लागतो. 1660 मध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला तरी गड महिनोन्महिने तग धरून राहिला, कारण नुसती तटबंदी नाही, पाणी आणि धान्यपण गडाच्या आतच होतं. अंबरखाना बघितलायस न्हवं, केवढी मोठी कोठारं ती! गेममध्येपण तसंच करायचं, शेत भिंतीच्या आतच घ्यायचं. मधी एक ब्लॉक पाणी ठेवलं की चारी बाजूला 4-4 ब्लॉक जमीन भिजते, म्हणजे 9 बाय 9 च्या चौकात 80 ब्लॉक पीक. 3 गव्हाचा एक ब्रेड. शेतात उड्या मारू नको, नांगरलेली जमीन परत माती होते. आणि 3 लोखंडाची एक बादली, असल्या दोन बादल्या पाणी 2 बाय 2 च्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत ओतलं की कितीपण उपस, संपत नाही.

जागा निवडताना थोडी उंचावरची, पण झाडं आणि पाणी जवळ असलेली बघ. दिवाळीत पेठेत किल्ला करतो तेव्हा आधी दगडमाती रचून पायथाच घालतो की, मावळे शेवटी येतात, तसंच इथं, सजावट मागनं. कोळी भिंत चढतो म्हणून भिंतीच्या टोकाला बाहेरच्या बाजूला एक ब्लॉक पुढं काढायचा, मग त्याला वर येता येत नाही.

उजेडात कंजुषी नको. गेमच्या 1.18 व्हर्जनपासनं एकदम काळोख असलेल्या जागेतच राक्षस तयार होतात, त्यामुळं छप्पर, कोपरे, शेताचे बांध, सगळीकडं टॉर्च लाव. क्रीपर, म्हणजे जवळ येऊन फुटणारा राक्षस, मात्र सकाळी उन्हात जळत नाही, झोंबी जळतात, म्हणून दार उघडायच्या आधी बाहेर नजर टाक. माझ्या पहिल्या बेसची पेटीच क्रीपरनं उडवली, तीन दिवसांचं लोखंड त्यात होतं, अजून वाईट वाटतं. तवापासनं पेटी बाहेरच्या भिंतीला कधीच चिकटवत नाही, दगडाच्या आतल्या खोलीत ठेवतो.

पहिलं लोखंड मिळालं की तलवारीआधी ढाल कर, 6 फळ्या आणि एकच लोखंड लागतं, क्रीपर जवळ आला तर त्याच्याकडं तोंड करून ढाल धर. आणि खाणीत उतरायच्या आधी बेसचे कोऑर्डिनेट (जागा सांगणारे आकडे) वहीत लिहून ठेव, कारण मेलास तर सांडलेलं सामान गोळा करायला 5 मिनिटंच असतात.